अगं, सरळ जा

त्या विमानतळावर टॉवरकाकांना सगळ्यात आधी जी गोष्ट खटकली ती ही, की तिथे टॉवरच नव्हता.

म्हणजे बघा, एक धावपट्टी होती, तिच्या दक्षिणेला पत्र्याचं हँगर होतं, हँगरला चिकटून फ्लाइंग क्लबचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं, खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारंगी पिशवी फडफडत होती आणि सात छोटी विमानं होती. विमानं उडत होती, उतरत होती. पण त्यांना उड आणि उतर म्हणून सांगणारं कोणी नव्हतं. ज्या माणसाने मोठ्या विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून चौतीस वर्षं विमानांना चाक हलवायच्या आधी परवानगी मागायला लावली, त्याला हे बघून काय वाटलं असेल?

"मग यांना सांगतं कोण?" त्यांनी पहिल्या दिवशी बायकोला विचारलं होतं.

"कोणीच नाही," काकू म्हणाल्या.

"मग ठरवतं कोण?"

"ज्याचं त्यानं. बोलून."

काकांना वाटलं, बायको थट्टा करतेय. थट्टा नव्हती. काकूंनी मग त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. चार जावा एका स्वयंपाकघरात राबत असल्या की कोणी कोणाला हुकूम सोडत नाही. उकळतं पातेलं घेऊन जाणारी नुसती ओरडते, मागे गरम आहे गं. बाकीच्या अंग चोरतात. इथेही तसंच. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. आपला नंबर सांगायचा, आपण कुठे आहोत ते सांगायचं, आता काय करणार ते सांगायचं. दुसऱ्याने ऐकायचं, मान फिरवून बघायचं आणि आपलं आपण ठरवायचं. धावपट्टीभोवती हवेत एक चौकोन आखलेला असतो असं समजायचं. धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाणारी ती लांब बाजू, मग डावीकडे वळलं की आडवी बाजू, मग परत डावीकडे वळलं की समोर धावपट्टी. सगळ्यांनी त्याच चौकोनावरून यायचं. एवढंच.

"आणि कोणी चौकोनातून आलाच नाही तर?"

"तर तो तसं सांगेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर आपण बघायचं," काकू म्हणाल्या आणि चहा ओतायला लागल्या. काकांचं डोकं चक्रावून गेलं. त्यांच्या टॉवरमध्ये असं काही कोणी बोललं असतं तर त्याच दिवशी घरी बसवला असता.

आता काकू या भानगडीत पडल्या कशा, तेही सांगायला हवं. शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांत झाडं लावतात, विणकाम काढतात, नातवंडांच्या मागे धावतात. काकू एके दिवशी बाजारातून भाजीच्या पिशवीत फ्लाइंग क्लबचा फॉर्म घेऊन आल्या. वय वर्षं एकोणसाठ. काकांना आधी वाटलं, कोणा भाच्यासाठी असेल. "छत्तीस वर्षं तुमच्या तोंडून नुसतं ऐकतेय," त्या फॉर्म भरता भरता म्हणाल्या, "एकदा बघते तरी."

काकांनी सगळं करून पाहिलं. गुडघे काढले, चष्मा काढला, वय काढलं. मुलीला फोन लावून दिला. मुलगी हसून म्हणाली, बाबा, आईला कधी कोणी अडवलंय का? हे काही खरं नव्हतं. आईला आयुष्यभर बाबांनीच अडवलं होतं, फक्त ते इतक्या शांतपणे की अडवल्यासारखं वाटायचंच नाही. अगं, तिकडून नको, इकडून जा. अगं, आता नको, जरा थांब. आणि काकू थांबायच्या, इकडून जायच्या. यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं, काकूंनासुद्धा नाही. काकांचा आवाजच तसा होता. ऐकणाऱ्याला वाटायचं, या माणसाला वरून सगळं दिसतंय, आपण उगाच कशाला मान फिरवायची.

काकांनी स्वतः कधी विमान चालवलं नव्हतं, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं. प्रवासाला जाताना बसायचे, तेही खिडकीची जागा सोडून.

तर दीड वर्षात काकू शिकल्या. शिकवणारी ताई तिशीतली, सडसडीत, बोलायला फटकळ. काकूंना ती काकू म्हणायची, काकू तिला ताई म्हणायच्या, आणि काकांना टॉवरकाका हे नाव तिनेच ठेवलं. पुढे क्लबात सगळेच तसं म्हणायला लागले. काका वरवर हसायचे. आतून त्यांना कधीच कळलं नाही की हा मान आहे की चिमटा.

त्या दिवशी सकाळी काकूंना एकटीने तीन वेळा उडून तीन वेळा उतरायचं होतं. तिन्ही नीट झालं की ताई कागदावर सही करणार आणि पुढच्या गुरुवारी लायसन्सची परीक्षा. यात मेख अशी होती की महिनाअखेरीला ताई मोठ्या विमानांवर नोकरीला जाणार होती. क्लबाला दुसरं कोणी शिकवणारं मिळालं नव्हतं आणि मिळायची लक्षणंही दिसत नव्हती. म्हणजे झालं तर आज, नाहीतर बहुतेक कधीच नाही. हे काकूंना ठाऊक होतं, ताईला ठाऊक होतं, आणि काकांना तर रात्रभर दुसरं काही सुचलंच नव्हतं. एक मन म्हणत होतं, होऊ दे बिचारीचं एकदाचं. दुसरं मन म्हणत होतं, फिसकटू दे काहीतरी, अगदी छोटंसंच, म्हणजे हे प्रकरण तरी मिटेल. दोन्ही मनं त्यांचीच, आता कोणाचं ऐकावं माणसाने?

ताई हातातला छोटा रेडिओ घेऊन धावपट्टीच्या कडेला उभी राहिली. क्लबचे चिटणीस इंधनाच्या टाकीच्या कुलपाशी झटत होते. काका ऑफिसात एकटेच होते. टेबलावर क्लबचा मोठा रेडिओ होता आणि त्यावर चिटणिसांच्या अक्षरात कागद चिकटवलेला होता, ऐकण्यासाठी आहे, कोणी विचारल्यास फक्त वारा सांगणे. काकूंनीही विमानाकडे जाताना खिडकीतून बजावलं होतं, बसा, ऐका, पण हात लावू नका. काका म्हणाले होते, अगं मी काय लहान आहे का.

पहिली चक्कर छान झाली. काकूंचा आवाज रेडिओवर फळ्यापुढे उभं राहून बोलावं तसा येत होता. चार-एक-नऊ, लांब बाजूवर. चार-एक-नऊ, आडव्या बाजूला वळतेय. चार-एक-नऊ, समोर धावपट्टी, उतरतेय. चाकं टेकली, विमान पळत पळत पुन्हा उडालं.

दुसऱ्या चकरेला गडबड सुरू झाली.

आधी एक अनोळखी आवाज आला, आपण सरावाला उडतोय म्हणाला. काकांनी चटकन खिडकीतून बघितलं, धावपट्टीवर कोणी नाही. मग ध्यानात आलं, तो दुसऱ्याच कुठल्यातरी विमानतळावरचा. आजूबाजूचे दोन-तीन छोटे विमानतळ हीच फ्रिक्वेन्सी वापरायचे, आणि त्यांचं बोलणं शेजारच्या घरातल्या भांडणासारखं इकडे ऐकू यायचं. तो गप्प बसतो तोच दुसरा आवाज. हा जाडाभरडा, घाईतला. आपण पूर्वेकडून सरळ येतोय, आठ किलोमीटरवर आहोत, चौकोनात शिरणार नाही, थेट उतरणार. काकांनी आवाज ओळखला. हे गुरांचे डॉक्टर. या गोठ्यावरून त्या गोठ्यावर विमानाने जायचे आणि कायम घाईत असायचे.

तेवढ्यात काकू बोलल्या, चार-एक-नऊ, लांब बाजूवर, सरळ येणारं विमान अजून दिसत नाही, बघतेय. मग तो शेजारचा परत मध्ये बडबडला. डॉक्टर म्हणाले, पाच किलोमीटर. काकू म्हणाल्या, आडव्या बाजूला वळतेय. म्हणजे नेमकं कोण पुढे? आणि पाच किलोमीटर म्हणजे आत्ता पाच, की मघाशी पाच होतं आणि आता तीन? टॉवरमध्ये असते तर काकांनी दोघांना दोन वाक्यांत जागच्या जागी बसवलं असतं. इथे जो तो आपलं आपलं सांगत होता, आणि कोणी कोणाला काहीच सांगत नव्हतं. कानात आवाज शिरत होते आणि डोक्यात चित्र काही उभं राहत नव्हतं.

काका उठून पूर्वेच्या खिडकीशी गेले. माइकची वायर लांब होती, आणि तो हातात कधी आला हे त्यांना नंतरही आठवलं नाही. उजवीकडून डावीकडे, म्हणजे धावपट्टीच्या रेषेकडे, काकूंचं पांढरं विमान सरकत होतं. आणि त्याच रेषेत लांबवर एक दिवा चमकत होता. डॉक्टर. आता ही डावीकडे वळणार, याच्या पुढ्यात येणार, आणि हा मागून हिच्या अंगावर. वळता कामा नये. रेषा ओलांडून पलीकडे उत्तरेला निघून गेली पाहिजे. चौतीस वर्षांत अशी वेळ त्यांच्यावर शंभरदा आली होती, आणि शंभरदा त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी बटण दाबलं.

"अगं, सरळ जा. सरळ जा, वळू नकोस. उत्तरेला बाहेर पड."

बटण सोडलं. रेडिओ गप्प होता. आणि पांढरं विमान वळलं नाही. सरळ गेलं. काकांनी सुटकेचा श्वास टाकायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं, कारण तो लांबचा दिवा रेषेत राहिलाच नव्हता. तोही कलला होता. उत्तरेला. अरे, हा का तिकडे चालला? याला कोणी सांगितलं? याने तर सरळ उतरायचं ना? काकांना काही म्हणजे काही कळेना. दोन्ही विमानं रेषेपलीकडे एकाच जागेकडे निघाली होती. पांढरं आणि डॉक्टरांचं निळं जवळ आलं, आणखी जवळ आलं, मग एकच ठिपका झाला.

काकांना नंतर कधी विचारलं तर ते म्हणत, अर्धा मिनिट तरी एकच ठिपका होता. ताई म्हणायची, दोन सेकंद. मग ठिपक्याचे दोन झाले. निळं खाली, पांढरं वर, आणि दोन्ही उडत होती.

मग काकूंचा आवाज आला, पण तो फळ्यापुढचा नव्हता. चार-एक-नऊ, उत्तरेला आहे, पुन्हा चौकोनात येतेय. डॉक्टर आधी उतरले. मागून काकू उतरल्या. चाकं एकदा आपटली, उसळली, परत टेकली. काकांनी माइक जागेवर ठेवला. वायर नीट गुंडाळली. का गुंडाळली, देव जाणे.

बाहेर हँगरसमोर तिघं उभी होती तिथे काका पोचले तेव्हा डॉक्टर बोलत होते. रागाने म्हणावं तर राग नव्हता, पण आवाज कापत होता. ते ताईला विचारत होते, तुमच्या क्लबातूनच कोणी म्हणालं ना मला उत्तरेला जा म्हणून?

ताई म्हणाली, मी चकार शब्द बोलले नाही.

डॉक्टर म्हणाले, मग कोण बोललं? त्यांना काकूंचं विमान आडव्या बाजूवर दिसलं होतं, चांगलं स्वच्छ दिसलं होतं. त्या पुढे आहेत तर आधी त्यांनीच उतरावं म्हणून त्यांनी रेडिओवर सांगितलंही होतं, तुम्ही दिसलात, आधी तुम्ही उतरा, मी उजवीकडे बाहेर पडून मागून येतो. सांगून बटण सोडतात न सोडतात तो कोणीतरी म्हणालं, उत्तरेला बाहेर पड. त्यांची उजवीकडची बाजू म्हणजे उत्तरच. त्यांना वाटलं, कोणीतरी हो म्हणतंय. म्हणून निर्धास्तपणे वळले, आणि वळून बघतात तर नाकासमोर विमानाची चाकं.

"मला तुमचं काहीच ऐकू आलं नाही," काकू म्हणाल्या. "नुसती शिट्टी वाजली कानात."

शिट्टी. आता कुठे काकांच्या डोक्यातल्या गुंत्याचं एक टोक हाती लागलं. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की रेडिओत शिट्टी वाजते आणि दोघांचंही बोलणं चिरडलं जातं, हे त्यांनी नव्या पोरांना किती वर्षं शिकवलं होतं. डॉक्टर बोलत होते तेव्हाच त्यांनी बटण दाबलं होतं. आपलं बटण दाबलेलं असताना आपल्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. म्हणजे प्रश्न सुटलेला होता. त्यांनी माइक हातात घ्यायच्या आधीच सुटलेला होता. काकू डावीकडे वळून उतरल्या असत्या, डॉक्टर मागून आले असते आणि काका आत चहा पीत बसले असते. त्यांनी डॉक्टरांचं वाक्य पुसलं, आणि स्वतःच्या वाक्याचं मागचं शेपूट तेवढं दोघांच्या कानात पडलं.

आणि शेपटाला नाव नव्हतं. हे तर सगळ्यात वाईट. चौतीस वर्षांत ज्यांनी विमानाचा नंबर घेतल्याशिवाय एक अक्षर उच्चारलं नाही, त्यांनी आज नंबर घेतलाच नव्हता. घरात हाक मारावी तसं अगं म्हणाले होते. ते अगं शिट्टीत बुडालं आणि उरलेलं वाक्य वाऱ्यावर सुटलं, ज्याने ऐकलं त्याचं.

"शेजारच्या कुठल्यातरी विमानतळावरचा कोणी असेल," ताई म्हणाली. "तिकडचं बोलणं येतं इकडे. माझ्या डबड्यावर तर नुसती खरखर होती." मग ती काकूंकडे वळली. तिचा आवाज फटकळ नव्हता, आणि तेच काकांना जास्त लागलं. "काकू, तुम्ही वळायच्या होतात. सरळ का गेलात?"

काकूंनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. त्यांनी काकांकडे बघितलं नाही. जाणूनबुजून बघितलं नाही, हे काकांना बरोबर समजलं, कारण सदतीस वर्षं संसार केल्यावर एवढं समजतं. "चुकले," त्या म्हणाल्या.

"तो आवाज ऐकून गेलात का?"

"आवाज आला होता. पण बघायचं काम माझं होतं. बघितलं नाही."

ताई म्हणाली की आज ती सही करू शकणार नाही. कोणाचातरी आवाज कानावर आला म्हणून आडव्या बाजूवरून न बघता सरळ जाणाऱ्या माणसाला ती एकटं वर पाठवू शकत नाही. गुरुवारचं रद्द. पुढे कोणी शिकवायला आलं तर त्यांच्याकडे बघता येईल. काकू नुसतं बरं म्हणाल्या.

आणि आता खरं सांगायचं तर सांगतो, काकांच्या मनात पहिला शब्द कोणता आला? बरं झालं. हो, हाच आला. बायको जमिनीवर आहे, धडधाकट आहे, आणि आता जमिनीवरच राहील. कोणी ओळखलं नाही. ही सांगत नाहीये. तोंड मिटून घेतलं की चौतीस वर्षांची बिनडाग नोकरीही शाबूत आणि बायकोही घरात. रात्रभर जे मागितलं ते अगदी छोटंसंच फिसकटून त्यांच्या पदरात पडलं होतं. दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. पण ही का सांगत नाहीये? आपली अब्रू वाचवतेय? की एवढी चिडलीय की बोलायचंही नाही? तिच्या चेहऱ्यावरून काही उलगडेना. तिला उडणं किती हवं होतं हे मात्र तिच्या हातांवरून दिसत होतं. ती ते हातमोजे सोडत नव्हती.

"तो आवाज माझा होता," काका म्हणाले.

तिघांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सगळं सांगितलं, बटण, अगं, शेपूट, सगळं. सांगताना त्यांचा तो शांत आवाज कुठे गेला होता कोण जाणे, शब्द एकमेकांत अडकत होते. डॉक्टर हळूच पायरीवर बसले. ताईने एक शिवी गिळली, ती गिळताना दिसली. मग ती काकांना जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तुम्हाला खिडकीतून अर्धं आकाश दिसत होतं, ती म्हणाली, अर्धं आकाश बघून तुम्ही दोन माणसांचा जीव घ्यायला निघाला होतात. काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. ऐकून घेताना त्यांना जरा बरंही वाटत होतं. आता सुटलं. आता हिची परीक्षा होईल.

ताईलाही तसंच वाटलं असावं. ती काकूंना म्हणाली, मग तुमचा दोष नाही, काकू. मी उगाच तुम्हाला बोलले. गुरुवारचं नक्की ठेवू.

"नाही," काकू म्हणाल्या.

काकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"बोलले हे. पण वळले नाही ती मी," काकू म्हणाल्या. आता त्या काकांकडे बघत होत्या. "आवाज तुमचा आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर बघितलं नाही. दुसऱ्या कोणाचा असता ना, तर आधी मान फिरवून बघितलं असतं मी."

हे बोलणं कौतुकाचं होतं की आरोपाचं, तेच काकांना उमगेना. बायको आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते, हे ऐकायला कुठल्या नवऱ्याला आवडणार नाही? आणि ती नेमकं तेच सांगत होती, की तिने डोळे मिटले होते, आठशे फूट उंचावर, उजवीकडून विमान येत असताना.

ताईने विचारलं, मघाची धरली नाही तर दोन चकरा राहिल्यात, त्या आज मारायच्या आहेत का, मग सहीचं बघू. काकू म्हणाल्या, मारायच्या आहेत.

"आणि वर गेल्यावर हे परत बोलले तर?" ताईने काकांकडे न बघता विचारलं.

"बोलू देत," काकू म्हणाल्या. "आधी बघीन. मग काय करायचं ते ठरवीन."

त्यांनी हातमोजे चढवले. काकांना वाटलं होतं, जाताना आपल्याला काहीतरी म्हणेल, ऑफिसात जाऊ नका म्हणेल, घरी जा म्हणेल, निदान एखादी चांगली खरमरीत शिवी तरी देईल. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. हे परवानगी दिल्यासारखं होतं की खिजगणतीतच न धरल्यासारखं, काका विचार करत राहिले आणि विमान सुरू झालंही.

या वेळी काका ताईच्या शेजारी गवतात उभे राहिले. डॉक्टरही थांबले होते. गुरांना आज जरा वाट बघावी लागणार होती. ताईच्या हातातल्या छोट्या रेडिओतून काकूंचा आवाज येत होता, खरखरीत, पण नीट. चार-एक-नऊ, लांब बाजूवर. शेजारच्या विमानतळावरचा तो बडबड्या मध्येच काहीतरी बोलला आणि थांबला. चार-एक-नऊ, आडव्या बाजूला वळतेय. पांढरं विमान उजवीकडून डावीकडे सरकायला लागलं. आकाशात दुसरं कोणीच नव्हतं. काकांना तसं दिसत होतं. पण मघाशी आपल्याला काय काय दिसलं होतं ते आठवून त्यांनी डोळ्यांवर भरवसा ठेवायचं सोडून दिलं.

ताईने रेडिओ त्यांच्यापुढे धरला. "काही सांगायचंय, काका?"

काकांनी दोन्ही हात मागे घेतले आणि नाही म्हणून मान हलवली.

रेषेजवळ आल्यावर विमान लगेच वळलं नाही. आधी त्याचा उजवा पंख थोडा खाली कलला. तिकडे पूर्वेला काही नव्हतं, रिकामं आभाळ होतं. पंख क्षणभर तसाच राहिला.

"काय झालं?" काकांनी घाबरून विचारलं. "का थांबली?"

"थांबल्या नाहीत," ताई म्हणाली. "बघतायत."

मग पंख सरळ झाला, विमान डावीकडे वळलं, आणि रेडिओतून काकू म्हणाल्या, समोर धावपट्टी, उतरतेय. काकांना आनंद झाला, खूप झाला. आणि त्या आनंदाच्या आत कुठेतरी असं दुखायला लागलं, की आपलं माणूस आपल्या घरातून निघून गेलंय आणि आपणच त्याला दार उघडून दिलंय. त्यांनी या खेपेला तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, तरी तिने आपलं आपण बघितलं होतं.